दोघांचा पासवर्ड

पडद्याच्या डाव्या कडेला, वरून चौथ्या ओळीत, ‘ड्राफ्ट्स’ या शब्दापुढे कंसात एक आकडा होता : एक. आजूबाजूच्या ओळी बारीक होत्या, ही तेवढी ठळक. पान पूर्ण उघडायला चाळीस ते पन्नास सेकंद लागत आणि ते पडदा सोडल्यासारखे वरून खाली उतरत येई. आधी संस्थेचे नाव, मग आलेली पत्रे, मग पाठवलेली पत्रे, आणि मग तो कंसातला एक. करुणाने हिशेब ठेवला होता. आज शुक्रवार, सव्वीस नोव्हेंबर. त्या एकाला अठ्ठ्याहत्तर दिवस झाले होते.

तो तिच्या मागे उभ्या असलेल्या दोघांनाही दिसत होता. डावीकडे ताराचंद बाबाजी, विणकर संस्थेचे अध्यक्ष, वय बाहत्तर, सिहोऱ्याहून तरुणपणी मोहाडीला आले ते इथल्याच मागावर बसले. उजवीकडे खेमराज, संस्थेचे सचिव आणि करुणाचे सख्खे मामा. दोघांनी तो एक पाहिला. बाबाजींनी खिडकीबाहेर वाळत घातलेल्या कोशा रेशमाच्या लडींकडे नजर वळवली, मामांनी चष्मा पुसला.

मग नेहमीप्रमाणे मामा म्हणाले, “चाल, आवक घे.”

हे दोघे रोज सकाळी दहाला कार्यालयात यायचे, कारण त्यांच्याशिवाय ईमेल उघडत नसे.

त्याला सहा वर्षे झाली होती. करुणा तेव्हा नागपूरहून रसायनशास्त्रात एमएस्सी होऊन परत आली होती. वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते. मामांनी तिला संस्थेच्या रंगकामावर दोन महिन्यांसाठी म्हणून घेतले. तेवढ्यात वरून पत्र आले की यापुढे प्रदर्शनांच्या सूचना, नमुन्यांची मागणी, सगळे ईमेलनेच येईल. सभेत सगळ्यांनी करुणाकडे पाहिले. तिने खडूने फळ्यावर एक घर काढले, दूर एक मोठे कपाट काढले आणि समजावून सांगितले. ईमेल म्हणजे पत्रच. फक्त पाकीट नाही, तिकीट नाही, पोस्टमन नाही. पत्र आपल्या खोलीत येत नाही, ते दूरच्या एका मोठ्या संगणकात आपल्या नावाच्या खणात पडून राहते. आपण इथे बसून तो खण उघडतो आणि वाचतो. म्हणून पत्ता सगळ्यांना सांगायचा असतो, आणि किल्ली कोणालाच सांगायची नसते.

बाबाजींनी विचार करून विचारले, “म्हणजे कपाट लोकायच्या घरी, आन् कुलूप आपलं?”

ती म्हणाली, तसेच.

“मंग किल्ली कोणापाशी राहीन?”

इथे सभा अडली. संस्थेच्या लोखंडी कपाटाला दोन किल्ल्या होत्या, एक अध्यक्षांकडे, एक सचिवांकडे. दोन्ही लावल्याशिवाय ते उघडत नसे. कोणत्याही कागदावर दोघांच्या सह्या लागत. नव्व्याण्णव साली भंडारा जिल्हा फुटला तेव्हा जुनी मोठी संस्थाही फुटली होती. अर्धे माग गोंदियाकडे गेले, अर्धे इकडे राहिले. त्या वाटणीत एकट्याच्या सहीने काय काय होऊ शकते ते सगळ्यांनी पाहिले होते. तेव्हा ईमेलची किल्लीसुद्धा दोघांची असावी असा ठराव झाला. पासवर्डाचा पहिला भाग अध्यक्षांनी ठरवायचा, दुसरा सचिवांनी. कोणी आपला भाग कोणाला सांगायचा नाही, आणि एक जण टंकत असताना बाकीच्यांनी तोंड फिरवायचे.

करुणा त्या दिवशी हसली होती. घरी येऊन आईला सांगताना तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली होती. मग रोज सकाळी तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहायची तिला सवय झाली, आणि कधीतरी हसू यायचे बंद झाले.

बाबाजींच्या नातीने, आता सासरी गेलेल्या रक्षाने, त्यांचा हात धरून त्यांना कळा दाखवल्या होत्या. इंग्रजी अक्षरे बाबाजींना येत नव्हती. पण धोटा फेकणाऱ्या हाताला जसे डोक्याला न विचारता कळते, तसे त्यांच्या उजव्या बोटाला आठ दिवसांत कळले. ते खुर्चीच्या कडेवर बसत, घसा साफ करीत आणि सहा कळा दाबत. सावकाश.

“अध्यक्षसाहेब, बोट मागावर राहिलं का घरी?” मामा भिंतीकडे तोंड करून म्हणायचे.

“तू तिकडंच पाह्य. तुह्या बोटानं लय चरखा फिरवला जसा.”

मग मामा चार कळा दाबत. मग खण उघडे.

आलेले प्रत्येक पत्र करुणा छापून घेई, त्यावर आवक क्रमांक घाली, वहीत नोंद करी आणि फाईलला लावी. जाणारे पत्र ती लिही, दोघांना वाचून दाखवी, जावक क्रमांक टाकी, आणि मग ‘सेंड’वर बोट मात्र बाबाजी ठेवीत. तो मान त्यांचा. कळ दाबली की ते खिडकीकडे बघत, जणू काही उडून गेले आहे.

जावकचा नियम करुणानेच मागून घेतला होता. दुसऱ्या वर्षी दिल्लीच्या एका प्रदर्शनाने वीस दिवसांत चाळीस साड्या मिळतील का असे विचारले होते. ती तेव्हा पंचविशीची होती. दोघे चहाला बाहेर गेलेले असताना तिने ‘होय’ लिहून पाठवून दिले. गेलेले ईमेल परत बोलावता येत नाही, हे फळ्यावर खडूने तिनेच लिहिले होते. मामा त्या वीस दिवसांत घरोघर हात जोडत फिरले. चंद्रभागाबाईंनी तर सुनेच्या बाळंतपणातसुद्धा माग सोडला नाही. साड्या गेल्या, पण मामांचे ते जोडलेले हात करुणा विसरली नाही. पुढच्या सभेत तिने स्वतः सांगितले की ठरावाशिवाय या खणातून एक ओळही जाऊ नये.

म्हणजे भिंत अर्धी तिनेच बांधलेली होती.

नऊ सप्टेंबरला, गुरुवारी, एक पत्र आले. कोइमतूरच्या एका प्रयोगशाळेचे. जूनमध्ये करुणाने तिथे पळसफुलांच्या रंगाची आपली निरीक्षणे पाठवली होती. संस्थेच्याच पत्त्यावरून, संस्थेच्याच नावाने, रीतसर ठराव करून. विषय होता ‘माहिती पाठविणे’. मोहाडीच्या बहुतेक विहिरींच्या पाण्यात लोह आहे आणि त्याने पळसाचा पिवळा कोशावर मळकट हिरवा होतो. देवळामागच्या विहिरीत ते कमी आहे. तुरटी किती, पाणी किती गरम, किती वेळ, हे तिने वहीत उतरवले होते. ऊन लागून रंग किती उडतो ते पाहायला तिने कार्यालयाच्या दक्षिणेच्या खिडकीत कापडाच्या पट्ट्या लावल्या होत्या, प्रत्येकीचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून. तीन महिन्यांनी कागद काढला की एकाच पट्टीचे दोन रंग दिसत.

पत्र छापून हातात आले. सवयीने तिने शिक्का उचलला, क्रमांक घातला, ११८, वहीत तारीख लिहिली, पाठवणाऱ्याचे नाव लिहिले. ‘विषय’ या रकान्याशी आल्यावर तिने पत्र वाचले.

तिला बोलावले होते. दोन वर्षांसाठी, रंगाच्या टिकाऊपणावर काम करायला. राहायची सोय तिथेच. ज्या संस्थेने निरीक्षणे पाठवली त्या संस्थेच्या पत्त्यावरूनच, तिच्या नावाने, होकार यायला हवा होता. एकतीस ऑक्टोबरपर्यंत.

तिने रकान्याकडे पाहिले. आवक वहीत खाडाखोड चालत नाही. क्रमांक पडला होता. ती पत्र फाईलमधून काढू शकत नव्हती, कारण ११७ नंतर ११९ आला असता. तिने लिहिले : ‘कु. करुणा धकाते यांना बोलावणे.’

त्याच दुपारी तिने उत्तर लिहिले. चार ओळी. ‘मी येत आहे’ या अर्थाच्या. पाठवायला ठराव हवा, म्हणून तिने ते जपून ठेवले. कंसात एक आला.

पंचवीस सप्टेंबरच्या सभेत विषय क्रमांक सात म्हणून हे बोलावणे आले. तोवर चहा आला होता आणि आलुबोंडे गार होत होते. कोणीही नाही म्हटले नाही. नाही म्हटले असते तर करुणाला काहीतरी म्हणता आले असते. उलट सगळ्यांनी कौतुक केले. एक जण म्हणाला, आपल्या पोरीले इतक्या लांबून मागणी आली. दुसऱ्याने विचारले की दोन वर्षांनी ते परत देतील ना. मग कोणी रंगाच्या भट्टीचे काय असे विचारले, कोणी ईमेल कोण पाहणार असे विचारले, आणि शेवटी मामा खाली पाहत म्हणाले की गीताबाईचाही विचार केला पाहिजे. गीताबाई म्हणजे त्यांची बहीण, करुणाची आई. हे निघाल्यावर सगळे गंभीर झाले. सभेचा वृत्तांत लिहायचे काम करुणाचे होते. सभासद नसल्यामुळे आणि विषय तिचाच असल्यामुळे तिला बोलायचे नव्हते, फक्त लिहायचे होते. तिने स्वच्छ अक्षरात लिहिले : ‘विषय क्र. ७ वर सविस्तर चर्चा झाली. विषय पुढील सभेत ठेवण्याचे सर्वानुमते ठरले.’

तीस ऑक्टोबरच्या सभेत तिने तेच वाक्य पुन्हा लिहिले. त्या वेळी बाबाजींनी आणखी एक ठराव करून घेतला, की प्रयोगशाळेकडे मुदत वाढवून मागावी. ते पत्र मात्र तत्काळ गेले. जावक क्रमांक पडला, बाबाजींनी बोट ठेवले, खिडकीकडे पाहिले. उत्तरही आले. तीस नोव्हेंबर, आणि त्यानंतर वाढ नाही.

गल्लीत सगळ्यांना माहीत होते. क्रमांक पडला की कागद गल्लीचा होई. नळावर ललिताबाई विचारायच्या, “तुह्यं काय ठरलं वो?”

“पुढच्या सभेत.”

“माह्या पोराले बायको यापरीस लवकर भेटली.”

त्या बायकोला, रंजिताला, करुणा सप्टेंबरपासून रंग शिकवत होती. का शिकवते आहेस असे कोणी विचारले नाही, आणि तिनेही सांगितले नाही. रंजिता चटकन शिकली. पाणी तपासायची पट्टी रंग बदलते ती वाचायची कशी, तुरटी आधी का, फुले उकळायची नाहीत तर नुसती गरम पाण्यात मुरवायची का, हे ती आता स्वतःच दुसऱ्या बायकांना सांगे.

मधल्या काळात एकदा करुणा एसटीने भंडाऱ्याला गेली होती. बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसून तिने स्वतःचा ईमेल पत्ता उघडला. तिचे नाव, तिचा एकटीचा पासवर्ड. पाच मिनिटांत झाले. तिथे आलेल्या पत्रांचा खण रिकामा होता, पाठवलेल्यांचा रिकामा होता. तिने कोइमतूरचा पत्ता टाकला, आणि तिची बोटे थांबली. संस्थेच्या पत्त्यावरून उत्तर हवे होते हे खरे, पण तेवढेच खरे नव्हते. या पत्त्यावरून लिहिणे म्हणजे भिंतीवरून उडी मारून जाणे झाले असते. मामांनी ते पत्र पाहिले असते तर ते काहीच बोलले नसते, आणि तेच तिला नको होते. ती शेवटच्या बसने परत आली.

आणखी एक गोष्ट होती, जी तिने कोणालाच सांगितली नव्हती.

तिला पासवर्ड ठाऊक होता.

तिने तो चोरला नव्हता. ती कॅलेंडरकडेच पाहत होती. पण कान फिरवता येत नाहीत. कळफलक लोखंडी टेबलावर होता, डाव्या बाजूखाली खण होता आणि उजव्या बाजूखाली काही नव्हते. डावीकडची कळ जड वाजे, उजवीकडची पोकळ, मधली त्या दोन्हींच्या मधे. बाबाजींच्या सहा कळा रोज त्याच क्रमाने वाजत. डावी, उजवी, मधली, उजवी, डावी, डावी. मामांच्या चार कळा वरच्या ओळीतल्या. एक अगदी डाव्या टोकाला, आणि मग तीन वेळा उजवीकडची तीच ती. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात एका सकाळी कॅलेंडरवरच्या तारखा वाचता वाचता तिच्या डोक्यात ते आपोआप जुळले. बाबाजींचे गाव, सिहोरा, इंग्रजीत सहा अक्षरांचे होते. आणि मामांनी जिल्हा फुटला ते साल संस्थेच्या शिक्क्यावर कोरून घेतले होते.

ते अनुमान तिने कधी पडताळून पाहिले नाही. शिकल्यापासून जे जे मनात आले ते तिने मोजून, तोलून पाहिले होते. हे एकच तसे ठेवले.

शनिवारी सत्तावीस तारखेची सभा झाली. विषय सातवर येईपर्यंत चार वाजले. धान कापणीला आला होता आणि अर्ध्या सभासदांचे लक्ष शेतावर होते. मुदत मंगळवारी संपते, हे करुणाने आधीच एका चिठ्ठीवर लिहून मामांपुढे सरकवले होते. मामांनी ती वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. बाबाजी म्हणाले, पोरीचा विषय नाजूक आहे, घाईनं कराचा नाही, आणखी एकदा मुदत मागून पाहू. कोणीतरी आठवण दिली की ते आता देणार नाहीत. बाबाजी म्हणाले, मागायला काय जाते. तेवढ्यात आलुबोंडे आले.

तिने तिसऱ्यांदा तेच वाक्य लिहिले. लिहिताना तिच्या लक्षात आले की ‘पुढील’ या शब्दावर तिचा पेन थांबतसुद्धा नाही.

रविवारी दुपारी आई उन्हात चरख्याशी बसून धोट्यात घालायच्या कांड्या भरत होती. गीताबाई फार बोलणारी बाई नव्हती. एक कांडी भरून झाली, दुसरी लावली, आणि मग तिने सूत हातात धरूनच विचारले, “कालच्या सभेत माह्यं नाव निघालं म्हणे.”

करुणा म्हणाली, तिन्ही सभांमध्ये निघाले.

“का म्हणत होते?”

“तुझा विचार केला पाहिजे, म्हणून.”

गीताबाईने चरखा फिरवला.

“तीन महिन्यापासून माह्या विचार करून राहिले. मले एकानं विचारलं का? भाऊ रोज दारावरून जाते, त्यानं विचारलं का?” तिने सूत तोडले. “तू तरी विचारलं का वो?”

ते खरे होते. कोणी नाही म्हणत नव्हते, म्हणून तिने कोणाला विचारलेच नव्हते. भीती होती ती ‘नाही’ ऐकण्याची नव्हती. ‘हो’ ऐकले तर मग थांबायला काही कारणच उरले नसते.

तिने आता विचारावे म्हणून तोंड उघडले, आणि त्याच वेळी रंजिता पळत दारात आली. ताराचंद बाबाजी तलावाच्या पायरीवरून घसरले होते. डोक्याला काही नाही, पण उजवे मनगट मोडले. त्यांना भंडाऱ्याला नेले आहे.

सोमवारी दहाला बाबाजी आले. उजवा हात कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. घरच्यांनी नको म्हटले होते. पण अध्यक्षांचा भाग पडल्याशिवाय खण उघडत नाही आणि उद्या मंगळवार आहे हे बाबाजींना माहीत होते. ते विसरले नव्हते. आणखी एकदा मुदत मागायचा ठराव झाला होता, आणि ते पत्र आजच जायला हवे होते.

करुणाने आणि मामांनी तोंड फिरवले. बाबाजींनी डावा हात पुढे केला.

पहिली कळ वाजली, डावी. मग बराच वेळ काही नाही. मग एक मधली, जिथे उजवी हवी होती. करुणाला ते कॅलेंडरकडे पाहतानाच कळले. मग मामांनी आपल्या चार दाबल्या. पडद्यावर लाल ओळ आली, की पासवर्ड चुकला आहे.

“पुन्हा करा,” मामा म्हणाले.

बाबाजींनी पुन्हा केले. डाव्या हाताला त्या कळा ठाऊक नव्हत्या. उजव्या बोटाला माहीत होते ते बाबाजींना कधी माहीतच नव्हते. ते डोळे मिटून हवेत प्लास्टरचा हात हलवून पाहत, जणू त्या हाताला विचारत, आणि मग डाव्या बोटाने शोधत. पुन्हा लाल ओळ आली. या वेळी खाली आणखी एक वाक्य होते, ते करुणाने वाचून दाखवले : एक प्रयत्न शिल्लक आहे, त्यानंतर हे खाते चोवीस तास बंद राहील.

बाहेर कोणाचा तरी माग चालू होता, खटाक खटाक, एका लयीत.

मामांनी सुचवले की बाबाजींनी आपला भाग करुणाच्या कानात सांगावा. बाबाजींनी मान हलवली. ठराव होता. कोणी आपला भाग कोणाला सांगायचा नाही. अध्यक्षानेच ठराव मोडला तर उद्या कोण पाळेल? मामांनी विचारले, मग करायचे काय. बाबाजी बसून राहिले. त्यांच्या कपाळावर घाम होता, नोव्हेंबरात. शेवटी ते म्हणाले, “विशेष सभा बोलावू. भाग सांगाले परवानगी द्यावी, असा ठराव घेऊ.”

“सभेले सात दिवसाची नोटीस लागते, बाबाजी.”

“मंग लागते तं लागते.”

त्यांनी करुणाकडे पाहिले नाही. त्यांचा आवाज वाईट नव्हता. दुखऱ्या हाताचा, थकलेल्या माणसाचा आवाज होता. आणि त्यात, खूप खाली, सुटल्यासारखे काहीतरी होते. करुणाने ते ऐकले, जसे ती सहा वर्षे कळा ऐकत आली होती. सात दिवस. मंगळवार निघून जाईल, कोणी नाही म्हटलेले नसेल, कोणाचे काही चुकलेले नसेल. ११८ क्रमांकाच्या पत्रावर ती स्वतः ‘मुदत संपल्याने निकाली’ असे लिहील. अक्षर स्वच्छ येईल.

तिच्या लक्षात आले की आपल्यालाही, अगदी थोडेसे, सुटल्यासारखे वाटत आहे. तेव्हा ती घाबरली.

खिडकीत नव्या पट्ट्या होत्या, अर्ध्या झाकलेल्या. कॅलेंडरवर मंगळवारचा चौकोन होता. ती त्याच्याकडे पाहत उभी होती, आणि मग तिने तोंड फिरवले. भिंतीकडून टेबलाकडे.

“बाबाजी, जरा उठा,” ती म्हणाली.

ते उठले, काय होते आहे ते न कळून. ती खुर्चीत बसली. एक प्रयत्न शिल्लक होता. चुकला तर खण उद्या याच वेळेपर्यंत बंद, आणि उद्या याच वेळी वीज असेल, नेट असेल, कोणी सांगावे. तिने दोन्ही हात कळफलकावर ठेवले. डावी, उजवी, मधली, उजवी, डावी, डावी. मग वरच्या ओळीत एक, आणि तीन वेळा तीच. सगळे मिळून तीन सेकंद लागले. तिने कळ दाबली.

पान वरून खाली उतरू लागले. संस्थेचे नाव. आलेली पत्रे. पाठवलेली पत्रे. आणि कंसातला एक.

मागे माग चालूच होता. मामा पडद्याकडे बघत होते, बाबाजी तिच्या हातांकडे.

“कवापासून ठाऊक आहे तुले?” मामांनी विचारले. हळू आवाजात, जसे आजारी माणसाजवळ विचारतात.

“पाच वर्षं झाली, मामा.”

“आमी रोज...” मामा थांबले. ते रोज येत होते, रोज भिंतीकडे तोंड करत होते, पावसातसुद्धा. त्यांनी चष्मा काढला आणि पुसला नाही, नुसता हातात धरला. करुणाला वाटले आता ते विश्वासाबद्दल काही बोलतील. तिने कान तयार ठेवले.

पण बोलले ते बाबाजी. ते स्टुलावर टेकले होते, प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून. त्यांना रागवायला हवे होते, त्यांचे गुपित उघडे पडले होते. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र राग नव्हता. ते अडलेले दिसत होते. कापडात एखादा धागा चुकला आहे आणि तो कुठे चुकला ते सापडत नाही, तसे.

“पाच वर्षं,” ते म्हणाले. “म्हणजे हे पत्र तू कवाही पाठवू शकत होती. आमी घरी गेलो का तू, आन् थो खण. मंग पाठवलं काहून नाही, पोरी?”

असे कोणी विचारील हे तिने कधी धरलेच नव्हते. का शिकलीस, कसे शिकलीस, कोणाला सांगितलेस, या सगळ्यांची उत्तरे तिच्याकडे क्रमाने तयार होती. याचे नव्हते. ती पडद्याकडे पाहत राहिली. तो एक ठळक होता, कारण तो अजून वाचला न गेलेला, न पाठवलेला होता. ठराव नव्हता म्हणून, ती म्हणू शकली असती. तुमची भीड होती म्हणून. आई होती म्हणून. सगळे थोडे थोडे खरे होते, आणि ते सगळे बेरीज करूनही एक होत नव्हते.

“मले वाटलं,” ती म्हणाली, आणि तिला स्वतःचा आवाज कार्यालयाचा नव्हे, घरचा ऐकू आला. “मले वाटलं, कोणीतरी म्हणीन. जा म्हणून.”

मामांनी चष्मा डोळ्याला लावला. मग त्यांनी खिशातून शनिवारची ती घडी केलेली चिठ्ठी काढली, टेबलावर ठेवली, हाताने सपाट केली. तिच्यावर मंगळवारची तारीख होती, तिच्याच अक्षरात. ते बोलायचा प्रयत्न करत होते हे दिसत होते, आणि ते जे बोलतील ते काय असेल हेही तिला साधारण दिसत होते. गीताबाईचे नाव येईल. नाहीतर विशेष सभेचे. नाहीतर ते खरेच ‘जा’ म्हणतील, आणि मग ते जाणे त्यांनी दिलेले होईल, ठराव क्रमांकासह.

तिने त्यांना बोलू दिले नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा.

“विषय सभेत ठेवू नका, मामा,” करुणा म्हणाली. “मी जाऊन राहिली.”